परतीचे सामान

तेवीस किलो म्हणजे नेमके किती, हे आम्हांस २०२३ च्या डिसेंबरात मॉरिशसमध्ये, परतीच्या आदल्या रात्री उमगले. इंदूरहून नेलेली शेव, चकल्या, शंकरपाळे केव्हाच संपले होते. तेव्हा सामान हलके झाले असणार, असा आमचा भाबडा हिशेब. प्रत्यक्षात भाड्याच्या घराच्या दिवाणखान्यात बॅगा आ वासून पडलेल्या आणि त्यांच्याभोवती आम्ही सहा जण: आम्ही उभयता, ब्याऐंशी वर्षांच्या माई, मुलगा, सूनबाई आणि नात. चिरंजीव हातकाट्याला एकेक बॅग लटकवीत आणि न्यायाधीशाच्या सुरात निकाल देत, "साडेसव्वीस. काढा काहीतरी."

पहिली गदा आली ती साखरेवर. मळीचा वास असलेली तिथली तपकिरी साखर सूनबाईंनी तीन किलो घेतली होती. ज्या गावच्या सराफ्यात मध्यरात्र उलटेपर्यंत जिलब्या तळल्या जातात, तेथे साखर कशाला न्यायची, यावर बराच वाद होऊन अखेर एक पुडा राहिला. व्हॅनिलाचा चहा वाचला. नातीने जमविलेले प्रवाळाचे तुकडे देशाबाहेर नेण्यास मनाई असल्याने सकाळी समुद्राला परत करायचे ठरले. ती रुसून झोपी गेली. क्यूरपीपहून घेतलेली लाकडी जहाजाची प्रतिकृती कोणत्याच बॅगेत मावेना. ती मांडीवर घेऊन बसण्याचे आमच्याकडे आले.

माईंच्या बॅगेचा मात्र प्रश्न नव्हता. एक नऊवारी त्या देऊन आल्या होत्या, त्यामुळे ती उलट हलकी झाली होती. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद त्या कोणाच्या हाती देईनात. "हा माझ्याजवळच राहील," एवढेच म्हणाल्या.

त्या कागदाची हकीकत सांगायला हवी. चार दिवसांपूर्वी बेटाच्या पश्चिम भागात, उसाच्या शेतांमधून जाताना एका देवळातून मराठी आरती ऐकू आली म्हणून आम्ही गाडी थांबविली. शब्द आपले, चाल किंचित निराळी. आरती संपली आणि मंडळी आपसांत क्रिओल बोलू लागली! माईंच्याच वयाच्या एका बाईंनी त्यांचा हात धरून घरी नेले. त्या क्रिओल आणि भोजपुरीत, माई मराठीत. मध्ये शाळेत मराठी शिकणारा त्यांचा नातू पुस्तकी भाषेत दुभाष्याचे काम करी. पहिलाच प्रश्न आला, "आपले गाव कोणते?"

"इंदूर," आम्ही म्हणालो.

"ते कोकणात आहे काय?"

"नाही."

"मग त्याच्या आधीचे?"

येथे आम्ही गप्प झालो. पूर्वज पेशवाईत होळकरांच्या फौजेबरोबर नर्मदा ओलांडून आले, एवढे घरात सांगतात. कोणत्या गावाहून आले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

बाईंनी कपाटातून कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारातून मिळविलेली ती त्यांच्या खापरपणजोबांची नोंद होती: क्रमांक, जहाजाचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा रत्नागिरी, आणि गाव. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांहून अधिक माणसे करार करून त्या बेटावर नेली गेली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरील त्या सोळा पायऱ्या आम्ही आदल्या दिवशीच पाहिल्या होत्या. मजुरांची नोंद ठेवली ती मायेपोटी नव्हे. मळा सोडून पळाला तर ओळख पटावी म्हणून. तरी त्यामुळेच अक्षरओळख नसलेल्या माणसाचे गाव कागदावर उरले. आणि आम्ही पिढ्यान्पिढ्या रियासतीची दप्तरे लिहिण्याचा अभिमान बाळगणारे. आमच्या गावाची एक ओळ आमच्यापाशी नाही. समुद्र ओलांडलेल्यांकडे पत्ता आहे, नदी ओलांडलेल्यांकडे नाही, हे त्या ओसरीवर बसून मान्य करणे सोपे गेले नाही.

बाईंनी कागदाची एक प्रत माईंच्या हाती ठेवली. "तुम्ही आता घरी चाललात. जवळच असेल. विचारून पाहा." इंदूर आणि रत्नागिरी यांत नऊशेच्या आसपास किलोमीटर आहेत, हे आम्ही सांगणार तोच माईंनी हो म्हणून टाकले होते.

बॅगा भरताना तो विषय पुन्हा निघाला. "माईआजी, उगाच शब्द द्यायला नको होता. त्या बिचाऱ्या वाट पाहत बसतील," चिरंजीव म्हणाले. माई साडीची घडी घालीत होत्या. "वाट त्या आधीपासूनच पाहताहेत," त्या म्हणाल्या.

विमानप्रवासाविषयी सांगण्यासारखे फार नाही. जहाज मांडीवर होते, त्यामुळे पाय अवघडले. बाईंनी आमचा डबा रिकामा परत दिला नव्हता. त्यातल्या दालपुऱ्या हिंद महासागरावर कोठेतरी खाल्ल्या. पुरणपोळीतला गूळ काढून घेतल्यासारखी चव, असा माईंचा अभिप्राय. मुंबईस उतरल्यावर घड्याळे दीड तास पुढे केली. देशांतर्गत विमानात पंधराच किलोंची मुभा असल्याने पुढचा प्रवास रेल्वेने ठरला होता. दादरला आप्तांकडे जेवून संध्याकाळी अवंतिका गाठली.

गाडीत माईंनी कागद काढला आणि आश्चर्य म्हणजे चिरंजीवांनीच तो मागून घेतला. गावाचे नाव रोमन अक्षरांत, परक्या कानांनी ऐकून लिहिलेले. ते मोबाइलमधल्या नकाशाशी ताडून पाहू लागले. वेरवली असेल? ते लांजा तालुक्यात. वरवेली? ते गुहागरकडे. की वरवडे? वरवडे तर दोन निघाली, एक रत्नागिरी तालुक्यात आणि दुसरे कणकवलीकडे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात. सूनबाईंनी दिवा मालवायला सांगितला, तेव्हा बडोदे मागे पडले होते.

जानेवारीत चारही ग्रामपंचायतींना पत्रे गेली. माईंनी तोंडी सांगितली, चिरंजीवांनी लिहिली. दोहोंकडून काही कळले नाही. एका गावाहून पोस्टकार्ड आले: गावातून मुंबईस गेलेल्यांची माहिती सांगता येईल, समुद्रापार गेलेल्यांची कोणास ठाऊक नाही. माईंनी त्या कार्डाचा फोटो बाईंच्या नातवाला पाठवावयास लावला. त्याचे उत्तर शुद्ध मराठीत आले: "आजी विचारते, दुसऱ्या वरवड्याचे काय झाले?"

तिकडे पुन्हा लिहिले आहे.