आव्यातला वाद

कपाशीला मानवणारी माती कुंभाराला मानवत नाही. खानदेशातली काळी, कसदार माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. नुसत्या त्या मातीचं मडकं सावलीत वाळवलं तरी तडकतं. म्हणून आम्ही गिरणेचा गाळ आणतो. तो वाळवायचा, फोडायचा, चाळायचा, भिजत घालायचा आणि मग राख नि घोड्याची लीद मिसळून पायांनी तुडवायचा. लीद आव्यात जळते नि बारीक छिद्रं मागे ठेवते. त्यांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, म्हणून माठातलं पाणी गार.

माझं सगळं लक्ष मात्र चाळणीवर. आमच्याकडच्या मातीत चुनखडी फार. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा राहिला तरी तो आव्यात भाजून चुना होतो. मडकं धड बाहेर येतं, गिऱ्हाइकाच्या घरीही जातं. मग हवेतली ओल पिऊन तो चुना फुगतो आणि एक दिवस माठाच्या पोटावरून रुपयाएवढी खपली उडते. खपलीखाली पांढरा ठिपका.

माती फोडताना कौलांच्या फटीतून तिरीप आली की तिच्यात धूळ तरंगते. वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी हाच कण धरला. उन्हात दिसतो तो त्र्यणुक, तीन द्व्यणुकांचा, आणि द्व्यणुक दोन परमाणूंचा. कच्चा काळा घडा भाजून लाल होतो तेव्हा नेमकं बदलतं काय, यावर त्यांचं न्याय दर्शनाच्या पंडितांशी, म्हणजे नैयायिकांशी, वाजलं. वैशेषिक म्हणाले, घडा आव्यात परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणू लाल होतात आणि पुन्हा जुळून नवा घडा बनतो. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, तसं असतं तर वर रचलेले घडे कोसळले असते. घड्याला छिद्रं आहेत, त्यांतून आग आत शिरते नि सबंध घडाच पालटतो. हा पिठरपाक. पंडितांच्या वादात आमचा आवा असा पुराव्याला आला, याची मला गंमत वाटते.

हे शास्त्र आमच्या मुलखालाही परकं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आजोबांची थोरवी गाताना गणितासोबत वैशेषिकातलं पांडित्यही सांगतो.

आव्यापाशी उभा राहिलो की मी नैयायिकांचा. थर ढळत नाहीत, थापीचे वळ जागच्या जागी सापडतात. पण वैशेषिकही अगदीच हवेत नव्हते. साधारण ५०० ते ७०० अंशांत मातीच्या स्फटिकांत बांधलेलं पाणी निघून जातं, आतली घडण मोडते, आणि भाजलेली माती पुन्हा कालवता येत नाही. बाहेर घडा तोच, आत मात्र उलथापालथ.

दोघांनी हिशेब मांडला तो आगीचा. चाळणाऱ्या-तुडवणाऱ्याला कुणी विचारलं नाही, आणि माझ्या मते वादातली खरी खोट ती. बरीचशी मडकी आव्यात जाण्याआधीच वाया गेलेली असतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर घ्याल तेव्हा टिचकी मारून आवाज ऐकालच. पोटावर पांढरे ठिपके आहेत का, तेही उजेडात धरून बघा. असतील तर घेऊ नका, मग ती माझ्याकडची का असेना.