टेक फाइव्ह, व्हाया तेल्हारा

रात्रीचे दोन वाजलेत, सकाळी लेख द्यायचाय आणि पहिलं वाक्यच सुचत नाहीये. अशा वेळी तुम्ही काय करता? मी 'टाइम आउट' लावते. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचा १९५९ सालचा अल्बम. पियानो, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स. माणसं चारच आणि कुणालाही कसलीच घाई नाही. पॉल डेझमंडचा सॅक्सोफोन तर इतका निवांत, की आपलाही बीपी खाली येतो. कूल जॅझ म्हणतात ते हेच!

पण हा अल्बम मला खरा कळला तो गावी, तेल्हाऱ्याला. तोही बाबांमुळे.

नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून आमचं बोलणं दोन प्रश्नांवर आलेलं. 'जेवली का?' आणि 'पर्मनंट कधी होशीन?' दिवाळीत घरी गेले, तर संध्याकाळी लाइट गेली. ओसरीत बसून मी लॅपटॉपवर 'टेक फाइव्ह' लावलं.

"काय आयकून रायली व हे?"

मी सांगेपर्यंत बाबांची बोटं गुडघ्यावर पडायला लागली होती. भजनी मंडळात इतकी वर्षं तबला वाजवलेली बोटं ती!

"एक-दोन-तीन, एक-दोन. पाच मात्रा हायेत. आपल्या झपतालाचं अर्ध, पण उलटं."

मी चाट. जॅझ बहुतेक चारच्या हिशेबात चालायचं, म्हणून रेकॉर्ड कंपनीही या अल्बमबद्दल साशंक होती. मग मीच सुटले. ब्रुबेक १९५८ मध्ये दौऱ्यावर असताना इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याला नऊ मात्रांची लय कशी सापडली, त्यातून 'ब्लू रॉन्डो आ ला तुर्क' कसं आलं, त्याच दौऱ्यात मुंबईत तो सतारवादक अब्दुल हलीम जाफर खां यांच्यासोबत कसा वाजवून गेला, सगळं सांगितलं. किती दिवसांनी बाबांशी सलग दहा मिनिटं बोलत होते!

तेवढ्यात जो मोरेलोचा ड्रम सोलो आला. बाबांनी हातानंच मला गप्प केलं.

"कसा मोकळा खेळून रायला, पाह्य. तो पियानोवाला लेहरा सोडत नाही न, म्हणून."

शेकडो वेळा ऐकूनही तो पियानो मला असा कधी ऐकूच आला नव्हता.

परतताना बाबा एसटीपर्यंत आले. बॅग वर ठेवली. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होते.

"पर्मनंटचं मंग पाहू," ते म्हणाले. "ते पाचवालं माह्या मोबाइलमधी टाकून दे."