मायला कुठं मोजायचं?

कॅनडात दर पाच वर्षांनी जनगणना होते. यंदा तिचा दिवस १२ मे. त्याच्या थोडं आधी बहुतेक पत्त्यांवर सरकारी पत्र येतं, त्यातला क्रमांक टाकून संगणकावर फॉर्म भरायचा. चारांतल्या तीन घरांना आखूड फॉर्म, चौथ्याला लांबलचक. आम्हाला आखूड आला आहे. घरात कोण कोण राहतं, वयं काय, एकमेकांचं नातं काय, घरात कोणती भाषा बोलतात, एवढंच. चहा निवायच्या आत व्हावं असं काम. मी पहिल्याच प्रश्नाला अडले. आमच्या घरात जेवायला पाच माणसं बसतात आणि फॉर्मच्या नियमानं ती चारच भरतात.

पाचवी माझी माय. आमचं गाव बीबी, लोणार तालुक्यातलं, मेहकरहून सिंदखेडराजाकडं जाताना लागतं. बाबा गेल्यानंतर मी तिला ब्रॅम्प्टनला आणलं. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये अशा रिवाजात ती वाढलेली, त्यामुळं तिला तयार करायला बराच काळ गेला. ती इथं सुपर व्हिसावर आहे. २०११ च्या डिसेंबरात ही सोय सुरू झाली. आधी एका खेपेला दोन वर्षं राहता येत होतं, २०२२ पासून पाच वर्षं राहता येतं. अट अशी की मुलानं किंवा मुलीनं किमान एक लाख डॉलरचा खासगी आरोग्य विमा काढायचा. पण सलग पाच वर्षं राहिली तरी कागदोपत्री ती पाहुणीच, आणि पाहुण्यांना जनगणनेत जागा नाही. शिकायला आलेली मुलं, कामाच्या परवान्यावरची माणसं, आश्रय मागणारे, हे सगळे १९९१ पासून मोजले जातात. आमच्यासारख्यांच्या आया मात्र नाहीत.

या महानगराला मोजणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. २०२१ च्या गणनेत टोरंटो आणि भोवतालची गावं मिळून ६२ लाख माणसं भरली. त्यांतली शंभरात जवळपास ४७ परदेशात जन्मून इथं स्थायिक झालेली. पण मला त्याहून जास्त विचार करायला लावतो तो घरटी माणसांचा आकडा. खुद्द टोरंटो शहरात एका घरात सरासरी २.४ माणसं, आणि तिथून तासाभराच्या आत असलेल्या आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये ३.६. तळ्याकाठच्या उंच इमारतींमध्ये एकेकट्यानं राहणारी माणसं इतकी आहेत की शहरातलं जवळजवळ प्रत्येक तिसरं घर एकट्याचं. इकडं साडेसहा लाखांच्या ब्रॅम्प्टनमध्ये निम्म्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई मुळांचे, आणि आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं एका छपराखाली. अख्ख्या कॅनडात तीन पिढ्यांची किंवा तशा धाटणीची घरं शंभरात तीनही नाहीत, तरी वीस वर्षांत त्यांची संख्या दीडपट झाली. ब्रॅम्प्टनच्या कुठल्याही गल्लीत सकाळी साडेआठला उभं राहिलं की ही वाढ डोळ्यांनी दिसते. नातवाचं दप्तर खांद्याला लावून शाळेच्या बसपर्यंत चालणाऱ्या आज्या, सलवार-कमीज किंवा नऊवारीवर जाड जॅकेट, पायात लेकाचे बूट. त्यांतल्या किती जणी त्या ३.६ मध्ये धरलेल्या आहेत आणि किती नाहीत, हे तो आकडा सांगत नाही.

घर कशाला म्हणायचं, यावरही सगळं अवलंबून आहे. इथं घर ठरतं दारावरून. बाहेरून किंवा सामाईक वाटेवरून स्वतःचं स्वतंत्र दार असलेली राहण्याची जागा म्हणजे एक निवास, आणि त्यात राहणारे सगळे मिळून एक कुटुंब, मग ते एकमेकांचे कोणी लागोत न लागोत. आपल्याकडं घर ठरतं चुलीवरून. एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. कामाच्या अडचणीनं कोणी बाहेर जेवत असेल तरी तो त्याच चुलीचा. २०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेच्या घरयादीसाठी शाळेतले गुरुजी आमच्या बीबीच्या घरी आले तेव्हा मी घरीच होते. धाकट्या भावाचं लग्न होऊन चुली नुकत्या वेगळ्या झाल्या होत्या. गुरुजी ओसरीवर टेकले, तांब्याभर पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न हाच विचारला, चूल एक का दोन? माय आधी एक म्हणाली. गुरुजींनी स्वयंपाकघराकडं मान वळवली, तिथून दोन धूर निघत होते. मग जळण काय, तर पऱ्हाटी आणि गोवऱ्या. पाणी कुठलं, सायकल आहे का, मोबाइल आहे का, दोन्ही चुलींचं वेगळं वेगळं विचारून लिहून घेतलं. एका दाराच्या घरात दोन कुटुंबं झाली. माय त्या दिवशी जेवली नाही. जे घरात सगळ्यांना माहीत होतं ते सरकारच्या कागदावर चढलं, याचं तिला फार लागलं.

आमच्या इथल्या घराच्या तळघरात चार पंजाबी मुलं भाड्यानं राहतात. कॉलेजात शिकतात आणि रात्री गोदामात खोकी उचलतात. त्यांचं दार बाजूनं वेगळं आहे, म्हणून हिशेबानं ते वेगळं घर. शेजारच्या रांगेत अशी तळघरं आहेत की उतरायचा जिना मालकाच्या स्वयंपाकघरातून. तिथं मालकाचं चौघांचं कुटुंब आणि खालची पाच मुलं मिळून कागदावर नऊ जणांचं एकच कुटुंब होतं, किंवा मालक खालच्यांचा उल्लेखच करत नाही. तळघर पालिकेत नोंदवलेलं नसेल तर मालक घाबरतो, आणि परवाना संपत आला असेल तर मुलं घाबरतात. २०२४ च्या जानेवारीत सरकारनं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली तेव्हापासून ही धास्ती वाढली. आमच्या चौघांनाही मी खाली जाऊन सांगितलं, की हा फॉर्म ना पोलिसांकडं जातो ना इमिग्रेशनकडं. नावानिशी माहिती ९२ वर्षं बंद राहते, कायदाच तसा आहे. त्यांच्यातला एक जण विश्वास ठेवेना. मी त्याच्या जागी असते तर मलाही हायसं वाटलं नसतं.

पण लपून राहिलं की सोसावंही लागतं. ब्रॅम्प्टन वाढलं त्या वेगानं दवाखाने वाढले नाहीत. पूर्ण सोयींचं रुग्णालय एकच, २००७ साली सुरू झालेलं. २०२० च्या जानेवारीत नगर परिषदेनं आरोग्यसेवेची आणीबाणी जाहीर केली होती, महामारी इथं पसरायच्या आधी. खाटा, बस, शाळेच्या खोल्या माणसांच्या आकड्यावर मागायच्या असतात. जी माणसं आकड्यात नाहीत त्यांची तापलेली कपाळं मात्र रांगेत असतातच.

आता मायचं काम सांगते. माझी धाकटी मुलगी दोन वर्षांची आहे. ओंटारिओत सरकारी योजनेतल्या पाळणाघराचं शुल्क आता दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर, जे पूर्वीच्या मानानं फारच कमी. पण जागा मिळायची तर यादीत नाव लावून महिनोन्महिने थांबावं लागतं. माय आहे म्हणून मी नोकरीवर जाऊ शकले. सकाळी ती धाकटीला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करून दूध घालते. दुपारी तिला काऊ-चिऊच्या गोष्टी सांगते, त्यात कावळा बीबीच्या बाजाराला जातो. त्यामुळं आमची पोर इंग्रजीचा शब्द बोलायच्या आधी 'नग' म्हणाली आणि 'मले' म्हणाली. थोरला मुलगा शाळेत गेल्यापासून इंग्रजीकडं वळत होता, तोही आजीशी भांडायला मराठीत येतो.

फॉर्ममध्ये मातृभाषेचा प्रश्न आहे: बालपणी घरात पहिल्यांदा शिकलेली आणि अजून समजणारी भाषा. दोन्ही मुलांच्या पुढं मी मराठी लिहिली, आणि ते खरं आहे. ओळखीच्या कितीतरी मराठी घरांत, मंडळाच्या गणपतीला हिरिरीनं येणाऱ्या घरांतही, मुलांपुढं इंग्रजी लिहावं लागतं, कारण घरात दिवसभर मराठी बोलायला कोणी नाही. म्हणजे या शहरात मराठी मातृभाषेची दोन माणसं माझ्या मायमुळं वाढली, आणि तिसरी जी खरी मराठी बोलणारी, ती स्वतः त्या आकड्यात नाही. या सरकारनं फॉर्मात दोन प्रश्न वाढवावेत असं मला फार वाटतं: सहा महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडं राहणारे आई-वडील आहेत का, आणि घरातल्या मुलांना कोण सांभाळतं. मोठा खर्च नाही त्यात. ब्रॅम्प्टनचे खरे हातपाय त्या दिवशी दिसतील.

तिकडं आपली जनगणना २०२१ ची चुकली ती आता होते आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये घरयादी, आणि २०२७ च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी, १ मार्चच्या मध्यरात्रीचा हिशेब धरून. आमच्या वऱ्हाडात इंग्रजांनी १८६७ मध्येच, देशभरच्या पहिल्या खानेसुमारीच्या आधी, माणसं मोजली होती. मोजायला सवकलेला हा मुलूख, पण या वेळी सोळा वर्षं खंड पडला. त्याची किंमत माझ्या भावाला माहीत आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्याखाली महाराष्ट्राला मिळालेला सात कोटी लाभार्थ्यांचा कोटा २०११ च्या आकड्यांवर बेतलेला. कोटा भरला की नवीन जन्मलेल्या मुलाचं, नव्यानं आलेल्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवून घेताना चपला झिजतात. भावाच्या धाकट्या मुलाचं नाव अजून धान्याला लागलेलं नाही. मुलगा आता शाळेत जातो.

म्हणून फेब्रुवारीत मायनं बीबीत असलं पाहिजे. मागच्या गणनेचा नियम असा होता, की मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो एकदाही घरी आला नाही त्याला त्या घरात धरायचं नाही. ती इथं राहिली तर मेमध्ये कॅनडाच्या आकड्यात नाही आणि फेब्रुवारीत भारताच्याही नाही. असे आई-बाप एकट्या ब्रॅम्प्टनमध्येच किती असतील, आणि दुबई, मेलबर्न, न्यू जर्सी धरले तर! आयुष्यभर दोन एकर कोरडवाहू सोयाबीन आणि कापूस जिनं पिकवला, तीन मुलं शिकवली, त्या बाईचं नाव कुठल्याच देशाच्या मोजणीत नसावं, हे मला सहन होत नाही.

मी हे सांगितलं तेव्हा तिनं कॅनडाचं काहीच विचारलं नाही. "तिथं कोनाच्या चुलीवर लिवतील मले?" असं विचारलं. प्रश्न खरा आहे. थोरला भाऊ पुण्याकडं चाकणला कारखान्यात, त्याचं बिऱ्हाड तिकडं मोजलं जाईल. गावातल्या घरी त्याच्या वाट्याच्या खोलीला कुलूप. धाकट्याची चूल चालू. पण बाबांच्या पश्चात माय सहा-सहा महिने वाटून राहायची ठरली होती, आणि कोणाच्या वाट्याला कोणते महिने यावरून भावांमध्ये एकदा बोलाचाली झालेली. आता धाकटा म्हणतो, माझ्यात लिहू; थोरला म्हणतो, जमीन माझ्याही नावावर आहे, मीही येतो फेब्रुवारीत. मला आधी राग आला. नंतर वाटलं, आईला आपल्यात मोजून घ्यायला दोन भाऊ भांडतायत, तर भांडू दे.

मायनं मात्र ठरवलंय. ती थोरल्याच्या खोलीचं कुलूप काढणार आणि तिथं स्वतःची चूल मांडणार, गॅस नको, पऱ्हाटीचीच. गुरुजी येतील तेव्हा ते वेगळं घर, एकटीचं, कुटुंबप्रमुख ती स्वतः. मोजणी झाली की परत धाकट्याकडं जेवायला. जानेवारीअखेरचं तिकीट मी बघते आहे. विमा तिथपर्यंतच भरणार, आणि पाळणाघराच्या यादीत काल धाकटीचं नाव लावून आले.