न केलेली सही

सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला सहीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. साहेबांची सही झाली की कागद जिवंत होतो, सही अडली की माणूस अडतो. आम्ही बी.कॉम. झालेलो, पेशाने कारकून, आणि कचेरी सुटल्यावर समाजाच्या कामात असणारे. त्यामुळे माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या आयुष्याकडे आम्ही पाहतो ते त्यांच्या सह्यांच्या बाजूने, आणि त्याहूनही जास्त, त्यांनी न केलेल्या सह्यांच्या बाजूने.

नारायणन यांचा जन्म केरळातील कोट्टायम जिल्ह्यातल्या उझवूर या खेड्यात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या परवन जातीत झाला. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख २७ ऑक्टोबर १९२०. वडील झाडपाल्याची औषधे देणारे वैद्य. घरात विद्येची ओढ होती, पण पैसा नव्हता. शाळेसाठी भातखाचरांतून रोज सुमारे १५ किलोमीटर चालावे लागे. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहावे लागे. तो मुलगा बाहेर उभा राहूनच धडा ऐके. पुस्तके विकत घेणे परवडत नसे, म्हणून भाऊ दुसऱ्यांची पुस्तके मागून आणून हाताने उतरवून देई. आपल्या कितीतरी घरांतील वडीलधाऱ्यांना हे वाचून आपलेच लहानपण आठवेल.

हाच मुलगा १९४३ साली त्रावणकोर विद्यापीठात इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए.ला पहिला आला. पुढे टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला. ज्या संस्थेत परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळविली, तीच ही संस्था. तेथे प्रा. हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकून ते मायदेशी परतले आणि १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झाले. थायलंड, तुर्कस्तान आणि चीन या देशांत ते भारताचे राजदूत होते. चीनमध्ये तर १५ वर्षांच्या खंडानंतर, १९७६ साली, भारताने राजदूत पाठविला तो नारायणन यांना. पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९८० ते १९८४ अमेरिकेत राजदूत.

राजकारणात ते आले ते इंदिरा गांधींच्या सांगण्यावरून. केरळातील ओट्टापालम या राखीव मतदारसंघातून ते १९८४, १९८९ आणि १९९१ असे तीनदा काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. १९९२ साली उपराष्ट्रपती आणि २५ जुलै १९९७ रोजी राष्ट्रपती. त्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन उभे होते आणि आपल्या महाराष्ट्रातील शिवसेनेने शेषन यांना पाठिंबा दिला होता. तरीही नारायणन यांना सुमारे ९५ टक्के मते पडली.

आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. वस्तीतल्या विहारात पेढे वाटले गेले. शेजारच्या आजींनी पेढा हातात घेतला आणि विचारले, "बाळा, हा राष्ट्रपती झाला म्हंजी करनार काय? त्याच्या सहीनं आपल्या नळाला पानी येईल का?" सगळे हसले. पण आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चळवळीतील काही जाणती मंडळीही तेच म्हणत होती : हा माणूस काँग्रेसचा, आपल्या चळवळीतून आलेला नाही, आणि ज्या खुर्चीवर बसविला ती खुर्चीही नामधारी!

खुर्ची नामधारी आहे हे खरेच. खुद्द बाबासाहेबांनीच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ते स्पष्ट केले होते. राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख, कारभाराचा नव्हे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य चालविणार नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या मोहोरेने जाहीर होतात, त्या मोहोरेसारखे त्याचे स्थान राहील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे. मात्र १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ७४ मध्ये एक बारीकशी सोय झाली. राष्ट्रपती तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो. तोच सल्ला पुन्हा आला तर सही करावीच लागते.

त्या एवढ्याशा सोयीचा उपयोग नारायणन यांनी केला. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशातील कल्याणसिंग सरकार घालवून राष्ट्रपती राजवट आणण्याची शिफारस केली. कल्याणसिंगांनी सभागृहात विश्वासमत जिंकले होते. नारायणन यांनी फाईल परत पाठविली आणि मंत्रिमंडळाने माघार घेतली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारच्या राबडीदेवी सरकारबाबत तीच शिफारस केली, तीही परत गेली. एकदा वाचले भाजपचे सरकार, एकदा त्यांच्या विरोधकांचे. त्यांनी माणूस पाहिला नाही, पक्ष पाहिला नाही, कलम पाहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये, शंकरबिघा आणि नारायणपूर येथील दलित हत्याकांडांनंतर, बिहारची शिफारस पुन्हा आली तेव्हा त्यांनी घटनेप्रमाणे सही केली. राज्यसभेत बहुमत नसल्याने सरकारला ती राजवट मार्चमध्ये मागे घ्यावी लागली.

पण आमच्यासारख्या कारकुनाच्या मनात घर करून आहे ती दुसरीच फाईल. "योग्य उमेदवार उपलब्ध नाही" हा शेरा मागासवर्गीय कर्मचाऱ्यांनी किती वेळा वाचला असेल! आम्ही पूर्वी ज्या कचेरीत होतो तेथे आमच्या एका सहकाऱ्याची बढती याच एका ओळीने अडली होती. माणूस समोरच्या टेबलावर बसलेला, परीक्षा उत्तीर्ण झालेला, आणि कागदावर तो "उपलब्ध नाही"! १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीची फाईल राष्ट्रपतींकडे आली, तेव्हा नारायणन यांनी तिच्यावर नेमका याच्या उलट शेरा लिहिला. अनुसूचित जाती-जमाती म्हणजे देशाची २५ टक्के लोकसंख्या. त्यांचा आणि स्त्रियांचा या नेमणुकांत विचार व्हावा. त्यांच्यात पात्र व्यक्ती उपलब्ध आहेत आणि त्यांना प्रतिनिधित्व नसणे समर्थनीय ठरणार नाही, असा त्याचा मतितार्थ. २००० साली के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले आणि २००७ साली अनुसूचित जातीतील पहिले सरन्यायाधीश झाले. ते या शेऱ्यामुळेच झाले असा दावा आम्ही करीत नाही. पण देशाच्या सर्वोच्च खुर्चीवरून "उपलब्ध आहेत" हे शब्द कागदावर उतरले, ही गोष्ट लहान नव्हे.

२००० सालच्या जानेवारीत घटनेच्या फेरआढाव्याची भाषा चालू होती. तेव्हा संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनीच विचारले की, घटनेने आपल्याला दगा दिला की आपण घटनेला? समोर पंतप्रधान बसले असताना विचारलेला हा प्रश्न आहे. जुलै २००२ मध्ये ते निवृत्त झाले आणि ९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

आजींच्या नळाला त्यांच्या सहीने पाणी आले नाही, येणारही नव्हते. पण आज आपली मुले-मुली तहसीलात, बँकेत, पालिकेत, शाळेत कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर आहेत. पुष्कळजण म्हणतात, "आमच्या हातात काय आहे? वरून येते, आम्ही मम म्हणतो." नारायणन यांच्या हातातही एकदा परत पाठविण्यापलीकडे फारसे काही नव्हते. तरी त्यांनी नियम वाचला, त्यात जेवढी जागा होती तेवढी वापरली, आणि नियमाबाहेर पाऊल टाकले नाही. बंधू-भगिनींनो, खुर्ची मिळावी म्हणून आपल्या आई-बापांनी खस्ता खाल्ल्या. त्या खुर्चीत बसून समोरचा कागद नीट वाचणे, चुकीचा असेल तर तसे लिहून परत पाठविणे, एवढे तर आपल्याला करता येईल ना?

जयभीम!