जपानी पोथ्या, अमेरिकी गिऱ्हाईक

२००९च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या येन प्रेसने 'स्पाइस अँड वुल्फ' या जपानी कादंबरीचा पहिला खंड इंग्रजीत आणला आणि ज्यांच्यासाठी आणला त्यांच्याच शिव्या खाल्ल्या. अनुवादाबद्दल कुणाची फारशी तक्रार नव्हती. रोष होता तो मुखपृष्ठावर. मूळ पुस्तकावर जू आयाकुरा या चित्रकाराच्या हातची होलो, म्हणजे कथेची नायिका, आहे. डोक्यावर लांडग्याचे कान, मागे झुपकेदार शेपूट आणि चेहऱ्यावर 'तुला काय कळतंय' असा भाव. येन प्रेसने तिला हटवलं आणि तिच्या जागी एका तरुणीचा फोटो छापला.

हिशेब उघड होता. चित्र दिसलं की दुकानदार पुस्तक कॉमिक्सच्या रॅकवर सारतो. फोटो दिसला की ते अद्भुतकथांच्या रॅकवर जातं, आणि तिथं गर्दी जास्त. कागदावर यात खोट काढता येत नाही. पण असं पुस्तक पहिल्या आठवड्यात कोण विकत घेतं? २००८ साली आलेली होलोची अ‍ॅनिमेशन मालिका पाहून वेडा झालेला पोरगा. तो दुकानात येतो तो होलोला शोधत, आणि होलो तर तिथं नाही! शेवटी मूळ चित्राचं वेष्टन छापून वाचकांना द्यावं लागलं.

मी पुस्तकं लिहीत नाही, विकतो. गल्ल्यावर बसून नव्हे. कुठलं पुस्तक कुणाला, कोणत्या महिन्यात, किती किमतीला आणि काय सांगून विकायचं याचा सल्ला प्रकाशकांना देतो, मलपृष्ठावरचा मजकूर लिहितो. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात बसून हा उद्योग करता येतो ही इंटरनेटची कृपा. वीज असेल त्या दिवशी. जपानी 'लाइट नॉव्हेल' अमेरिकेत-युरोपात कशी विकली गेली हा माझ्या अभ्यासाचा आवडता विषय आहे, कारण दूरच्या मातीतलं पुस्तक परक्या गिऱ्हाइकाच्या हातात देण्याच्या सगळ्या युक्त्या आणि सगळे घोळ त्यात एका जागी सापडतात.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. खिशात मावेल असं पुस्तक, आपल्या पोस्टकार्डाहून थोडं मोठं. अडीचशे-तीनशे पानं, भरपूर संवाद, आखूड परिच्छेद. उघडल्याबरोबर चार-आठ रंगीत पानं, आत मधूनमधून काळी-पांढरी चित्रं. जपानात किंमत बरीच वर्षं सहाशे-सातशे येन होती. वाचक शाळा-कॉलेजातला, वाचायची जागा बहुधा आगगाडी. एक कादंबरी म्हणून ती क्वचितच येते, येते ती मालिका. काही महिन्यांनी पुढचा खंड, मग पुढचा, आणि चाललं तर त्यावर कॉमिक्स, अ‍ॅनिमेशन, खेळ, बाहुल्या. १९९३ साली सुरू झालेली 'देंगेकी बुन्को' ही या धंद्यातली बडी माला.

आपल्याकडे हे अगदीच नवखं नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्याची नोंद गिनेस बुकात झाली. झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या नावावर पुस्तक खपायचं, कथानक काय ते नंतर बघू. गुरुनाथ नाईकांचीही तीच तऱ्हा. एसटी स्टँडवरचा स्टॉल आणि भाड्याने पुस्तकं देणारी गल्लीतली लायब्ररी, एवढ्या दोन खांबांवर तो डोलारा उभा होता. मराठी समीक्षेने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि त्या विक्रीची विद्याही कुणी लिहून ठेवली नाही. जपान्यांनी त्याच विद्येचा मोठा कारखाना काढला.

अमेरिकेत ही पुस्तकं नीट रुजायला दहाएक वर्षं गेली. पहिला दणका टोकियोपॉपचा. या कंपनीने २००४च्या सुमारास 'स्लेयर्स' आणली, २००७मध्ये फुयुमी ओनो यांची 'द ट्वेल्व्ह किंग्डम्स' आणली आणि चार खंडांवर ती थांबली. २०११च्या फेब्रुवारीत बॉर्डर्स ही पुस्तकदुकानांची प्रचंड साखळी दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी टोकियोपॉपने अमेरिकेतलं प्रकाशन गुंडाळलं. ज्यांनी चार खंड घेतले होते त्यांच्या कपाटात अर्धी कथा राहिली. मालिका विकणाऱ्याने केलेला यापेक्षा मोठा विश्वासघात मला माहीत नाही. अशा वाचकाला पुढच्या वेळी पहिला खंड दाखवला की तो विचारतो, 'शेवटपर्यंत काढणार ना?' आणि उत्तर मिळेपर्यंत पाकिटाला हात लावत नाही. मग पहिला खंड पडून राहतो, तो पडून राहिला म्हणून दुसरा निघत नाही, आणि वाचकाची शंका खरी ठरते.

येन प्रेसचं श्रेय इथं द्यायला हवं. फोटोचा घोळ झाला तरी त्यांनी 'स्पाइस अँड वुल्फ'चे मूळ सतराही खंड नेटाने पूर्ण केले. ती संस्था २००६ साली काढणाऱ्या दोघांपैकी कर्ट हॅसलर हे आधी बॉर्डर्समध्ये कॉमिक्सची खरेदी बघायचे. रॅकवर काय हलतं आणि काय धूळ खातं हे त्यांना पोटातून ठाऊक होतं. २०१४ साली त्यांनी फक्त कादंबऱ्यांसाठी 'येन ऑन' ही वेगळी शाखा काढली आणि सुरुवात केली ती रेकी कावाहारांच्या 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'ने, जिची अ‍ॅनिमेशन मालिका दोन वर्षांपूर्वीच गाजली होती. आता मुखपृष्ठं मूळची, आतली रंगीत पानं मूळची, कण्यावर ठळक खंड क्रमांक. बदलला तो आकार. खिशातलं पुस्तक मोठं झालं आणि किंमत चौदा-पंधरा डॉलरवर गेली, म्हणजे जपानच्या दुपटीच्या पुढे. याबद्दल कुणी शिव्या दिल्या नाहीत. गिऱ्हाईक किमतीला कटकट करतं असं आपण धरून चालतो, पण आपली वस्तू आपल्या रूपात मिळाली तर ते मुकाट पैसे मोजतं.

फसव्या मुखपृष्ठाचा डाव कधीच चालत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. हिरोशी साकुराझाका यांची 'ऑल यू नीड इज किल' २००९ साली विझ कंपनीच्या हायकासोरू या शाखेने साध्या विज्ञानकथेच्या वेषात इंग्रजीत आणली. तिथं डोळे मोठे केलेली मुलगी नाही, काही नाही. विज्ञानकथा वाचणाऱ्यांनी ती घेतली आणि २०१४ साली टॉम क्रूझला घेऊन तिच्यावर 'एज ऑफ टुमॉरो' हा सिनेमा निघाला. मग हे का चाललं? एक तर ती एकाच पुस्तकात संपते. दुसरं, रोज मरून पुन्हा त्याच सकाळी जागा होणारा सैनिक ही कल्पना कुठल्याही रॅकवर उभी राहते. 'स्पाइस अँड वुल्फ'ची गोष्ट तशी नाही. तिच्या पहिल्या खंडात लॉरेन्स हा फिरता व्यापारी आणि होलो ही लांडगीण देवता मिळून एका चांदीच्या नाण्यातली चांदी वाढणार की घटणार याचा अंदाज बांधतात आणि त्यावर पैसे लावतात. मला हे भलतं आवडतं. आमच्या मोंढ्यात कांद्याच्या भावावर तास तास बोलणाऱ्या आडत्यालाही आवडेल. पण मलपृष्ठावरच्या पाच ओळींत हे अनोळखी माणसाला पटवणं महाकठीण. तलवार शोधत आलेल्याला तुम्ही नाणेशास्त्र देणार! तिथं ओळखीची होलोच कामाला येते.

मलपृष्ठाचंच सांगतो, कारण माझी भाकरी त्यावर आहे. नवशिका लेखक सुरुवात करतो 'मध्ययुगीन युरोपसारख्या एका देशात' अशी. हे वाचून पुस्तक खाली ठेवलं जातं. मी पहिली ओळ अशी देईन: 'लॉरेन्सच्या गाडीत आज केसाळ कातडी आहेत, आणि कातड्यांत कुणीतरी झोपलंय.' दुसऱ्या ओळीत होलोचं नाव. तिसरीत सौदा: तिला उत्तरेला घरी पोचवायचं, वाटेत धंदा करायचा. चौथी ओळ चित्रकाराच्या नावाची, पाचवी खंड क्रमांकाची. आपल्याकडचे कितीतरी प्रकाशक चित्रकाराचं नाव आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात छापतात. या प्रकारात चित्रकार अर्धा विक्रेता असतो. त्याला आत कोंडून ठेवण्यात तोटा आपलाच.

२०१६ साली सॅम पिनान्स्की यांनी जे-नॉव्हेल क्लब काढला आणि सगळी दुकानदारीच उलटी केली. महिन्याची वर्गणी भरा, अनुवाद जसजसा होईल तसतसा आठवड्याला एकेक तुकडा वाचा, खंड पूर्ण झाला की ई-पुस्तक घ्या. आपल्या मासिकांतल्या क्रमशः कादंबरीचाच हा प्रकार, फक्त टपालखातं मधून गेलं. यात एक धूर्तपणा आहे. कोणती मालिका कुठल्या तुकड्यापर्यंत वाचली जाते हे प्रकाशकाला छपाईच्या आधीच कळू शकतं. २०२१मध्ये जपानच्या काडोकावा या बलाढ्य कंपनीने हा क्लबच विकत घेतला. येन प्रेसमध्ये ती २०१६पासूनच मोठी भागीदार होती. म्हणजे परदेशात आपला माल दुसऱ्याने विकायचा हे जपान्यांनी काही वर्षं पाहिलं आणि मग दुकानच घेतलं.

ओळखीचं मुखपृष्ठ काय करतं ते दाखवायला आता मढीला येतो. पाथर्डीपासून जवळच, कानिफनाथांच्या समाधीचं ठिकाण. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा, रंगपंचमीला गर्दीचा कळस. बाहेरचे लोक गाढवांचा बाजार बघायला येतात, आमचे लोक रेवड्या घेऊन जातात. मी पोथ्यांच्या पालासमोर उभा राहतो. 'नवनाथ भक्तिसार' हा मालू कवीचा ग्रंथ, चाळीस अध्यायांचा, शके १७४१ मधला. दोनशे वर्षं उलटली तरी नव्या छपाईत निघतो. मुखपृष्ठावर नऊ नाथ, प्रत्येकाची खूण ठरलेली. गिऱ्हाईक ते चित्र लांबून ओळखतं आणि थेट हात घालतं. पालवाला एकच प्रश्न विचारतो: 'मोठ्या अक्षराची देऊ का बारीक?' ग्रंथात काय आहे, कुणी लिहिला, का वाचावा, यातलं एक अक्षर तो बोलत नाही. बोलायची गरजच नसते, कारण ते काम घरच्या पारायणाने, आजीने आणि गावच्या कीर्तनाने आधीच केलेलं असतं. उद्या एखाद्या हुशार प्रकाशकाने 'तरुण पिढीसाठी' म्हणून त्यावर धुक्यातल्या डोंगराचा फोटो छापला तर ती प्रत मढीत विकली जाणार नाही, आणि पुण्याच्या मॉलमध्येही पडून राहील.

पाथर्डीचाच आणखी एक दाखला. आचार्य आनंदऋषीजी जन्माने याच तालुक्यातल्या चिचोंडीचे. त्यांच्या प्रेरणेने १९३६ साली पाथर्डीत तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड उभं राहिलं. परीक्षा म्हटली की अभ्यासक्रम आला, अभ्यासक्रम म्हटला की पुस्तक, आणि एक परीक्षा झाली की पुढच्या परीक्षेचं पुस्तक. वाचकाला खंडामागून खंड पुढे नेण्याची इतकी पक्की योजना मी दुसरीकडे पाहिली नाही. त्यामागचा हेतू धर्मशिक्षणाचा होता, विक्रीचा नव्हे, हे मान्य. पण पुस्तकं विकणाऱ्याने तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

मराठीत जपान आला तो वेगळ्याच दारांनी. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून नॅशनल बुक ट्रस्टने आणलं, चिहिरो इवासाकींच्या चित्रांसह, आणि शिक्षकांनी ते हातोहाती फिरवलं. किंमत कमी, चित्रं मूळची, वाचक ठरलेला. चालणारच होतं. अलीकडे स्टॉलवर 'इकिगाई' दिसतं. ते जपानी पुस्तक समजून घेणाऱ्यांनी आत पाहावं, लेखक दोघे स्पेनचे आहेत. त्यातही विक्रीचा धडा आहेच, पण तो जरा तिखट आहे.

दरम्यान डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदी बोलत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले. ज्या पोरांनी ते पाहिलं ती आता कॉलेजात आहेत, मोबाइलवर अ‍ॅनिमे पाहतात आणि पात्रांची जपानी नावं घडाघडा सांगतात. वाचक तयार बसला आहे, मराठीत त्याच्यासाठी पुस्तक नाही. 'हा वर्ग वाचत नाही' असं प्रकाशकांच्या बैठकीत ऐकायला मिळतं. बॉर्डर्सच्या काळात अमेरिकी मंडळीही कॉमिक्स वाचणाऱ्या पोरांबद्दल अशीच नाकं मुरडायची.

मला विचाराल तर सुरुवात मिया काझुकी यांच्या 'असेन्डन्स ऑफ अ बुकवर्म'ने करा. पुस्तकांखाली चिरडून मेलेली एक ग्रंथवेडी मुलगी अशा जगात एका शिपायाच्या आजारी लेकीच्या रूपात जन्मते, जिथं गरिबाला पुस्तक परवडत नाही. मग ती स्वतःच पुस्तक करायला निघते. गवत विणून पाहते, मातीच्या पाट्या भाजून पाहते, त्या फुटतात, मग कागदाकडे वळते. कागद कसा होतो, शाई कशी होते, भाव कसा ठरतो, सगळं त्यात आहे. ३३ खंडांची मालिका इंग्रजीत जे-नॉव्हेल क्लबने आणली.

प्रकाशकांना माझी विनंती एवढीच आहे. हक्क घ्याल ते निदान 'बुकवर्म'च्या पहिल्या भागाच्या तिन्ही खंडांचे एकदम घ्या आणि ते तिन्ही तयार झाल्याशिवाय पहिला बाजारात सोडू नका. चित्रांचे हक्क करारात वेगळे लिहून घ्या. मुखपृष्ठ बदलू नका. कण्यावर खंड क्रमांक छापा, पुढचा खंड कोणत्या महिन्यात येणार ते शेवटच्या पानावर छापा, आणि त्या महिन्यात तो आणा.