लाइन, तुझं माहेर जवसाचं

प्रिय लाइन,

तू आज रात्री साडेअकराला येणार आहेस. दुधनाकाठच्या आमच्या शिवाराला या आठवड्यात रातपाळी आहे. हरभऱ्याचे घाटे भरायला लागलेत, पाणी आजच द्यायला हवं, म्हणून जेवण उरकून आखाड्यावर येऊन बसलोय. विहिरीत पाणी आहे, मोटर ठीक आहे, पाइप जोडून झालेत. आता फक्त तू यायची आहेस. शेजारचा गडी मघाशी धुऱ्यावरून हाक मारून गेला, "लाइन आली का वो गुरुजी?" नाही म्हणालो, आणि मनात आलं, जिची आपण रोज एवढी वाट बघतो तिची विचारपूस कधी केलीच नाही. म्हणून हे पत्र.

आमच्याकडं वीज म्हणजे आभाळातली. ईज कडाडते, ईज पडते, मृगात झाडाखाली उभं राहिलेलं माणूस घेऊन जाते. तारेतून येऊन विहिरीतलं पाणी वर काढते ती वीज नव्हे, ती तू. एक जीव घेणारी आणि एक पीक जगवणारी, अशा दोघींना एकच नाव द्यायला गावाचं मन तयार झालं नसावं. मी मराठीचा मास्तर. पंचवीस वर्षं मुलांच्या निबंधात 'लाइन गेली' हे शब्द लाल शाईनं खोडून वर 'वीजपुरवठा खंडित झाला' असं लिहीत आलो. ते करायला नको होतं असं आता वाटतं. पोरं त्यांच्या घरात रोज घडणारी गोष्ट त्यांच्या घरातल्या शब्दांत सांगत होती.

माझी आई शाळेत गेलेली नाही, पण तिच्या तोंडी तू दिवसभर असतेस. सकाळी बँकेत पगारीचे पैसे आणायला गेली तर 'लाइन लागली होती मोठी'. थोरला नातू काय शिकतो असं कुणी विचारलं तर 'तो डाक्टरकीच्या लाइनला आहे'. तिच्या बहिणीचं घर परभणीत 'लाइनीच्या पल्याड', म्हणजे रुळांच्या. भाचा राहतो पोलीस लाइनीत. फोनवर आवाज तुटला तर 'लाइन खराब आहे', धाकटा वाया चालला तर 'त्याला लाइनीवर आणा'. रांग, पेशा, रूळ, वस्ती, फोन, वळण. सहा गोष्टी, सहाही वेगळ्या, आणि तिचा एकदाही घोळ होत नाही. ऐकणाऱ्याचाही होत नाही.

एवढी कामं अंगावर घेणारा शब्द मुळात कोण, हे शोधायला मी कोश उघडला. आणि तुझं माहेर सापडलं तेव्हा मला खरोखर भरून आलं. तू जवसाची आहेस.

लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणतात. जवसाच्या ताटातून काढलेल्या वाखाच्या दोऱ्याला 'लिनिया'. त्यातून तू झालीस. जुन्या इंग्रजीत तू आधी दोर होतीस, जहाजावरच्या दोराला दर्यावर्दी अजूनही लाइनच म्हणतात. पुढं फ्रेंचमधून तू दुसऱ्यांदा इंग्रजीत आलीस, तेव्हा रेघ, ओळ, वंश असे अर्थ घेऊन आलीस, आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. तिसरी वाट कापडाची. जवसाच्या धाग्याचं कापड ते लिनन. कोटाला आतून ते लावायचे, त्या लावण्याला लाइन करणं म्हणू लागले, आणि म्हणून परभणीच्या बाजारातला शिंपी आज ब्लाउजला 'लायनिंग लावू का?' विचारतो. त्याच्याकडं अस्तर असतं सुताचं नाहीतर पॉलिस्टरचं. जवस त्या दुकानात कुठंच नाही, नुसत्या नावात उरलाय.

जॉर्जिया देशातल्या एका गुहेत सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे रानजवसाचे धागे सापडलेत, पिळलेले आणि काही तर रंगवलेले. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणसानं जवसाला पीळ दिला होता. मग दोऱ्यापासून रेघ कशी झाली, हे कोशाला विचारायची गरज मला पडली नाही. ते मी गेल्या वर्षी घराची खोली वाढवताना डोळ्यांनी पाहिलं. गवंड्यानं दोन टोकांना दोन खिळे ठोकले, मध्ये दोरी ताणली आणि तिच्यावर डोळा ठेवून विटा चढवत गेला. माणसाच्या हातात सगळ्यात सरळ अशी वस्तू पहिल्यांदा आली असेल तर ती हीच, ताणलेला दोरा. सरळ रेघ त्याच्यावरून शिकली माणसं. त्या दोरीला आमचे गवंडी काय म्हणतात ठाऊक आहे? लाइनदोरी. तुझा मूळ अर्थ दोरी, आणि दोन हजार वर्षं फिरून तू एका मराठी गवंड्याच्या हातात आलीस तेव्हा त्यानं तुझ्यापुढं पुन्हा दोरीच जोडली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आम्ही तरी काय वेगळं केलं? तुमच्याकडं जवस होता, आमच्याकडं काळ्या रानात कापूस. तुमचा दोरा लाइन झाला, आमचं सूत झालं. सूत म्हणजे धागा, सूत म्हणजे सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग, सुतासारखा सरळ म्हणजे वळणावर आलेला माणूस. खुद्द सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला, हातात सूत धरणारा तो सुतार. गणिताचं सूत्र तेच आणि नाटकाचा सूत्रधारही तोच. आमच्या तरुणपणी दोघांचं जमलं की 'सूत जुळलं' म्हणत. आता कॉलेजातली पोरं 'लाइन देते' म्हणतात आणि वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. दोन्हीकडं धागाच आहे, एक कापसाचा, एक जवसाचा. ओवी हा शब्दसुद्धा ओवण्यावरून आला असं मानतात. इथून जवळच गोदाकाठी गंगाखेड, जनाबाईंचं गाव. तिच्या नावानं जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका शब्द ओवतच होत्या.

तू आमच्याकडं कशी आलीस, हेही तुला सांगायला हवं. इंग्रजांचं थेट राज्य आमच्यावर नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात होतो, कचेरी उर्दूत चालायची, आमच्या सातबाऱ्याच्या आणि कोर्टाच्या बोलीत अजून त्या खुणा आहेत. साहेब, क्लब, इंग्रजी शाळा असं काही गावोगाव नव्हतं. तू आलीस ती बहुधा रुळांवरून. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाड मीटरगेज झाली, पूर्णा, परभणी, सेलू ही गावं तिच्यावर आली. काळ्या चिखलाच्या या मुलखात, जिथं पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आखापर्यंत रुतायचं, तिथं अशी सरळ, कोरडी, न मोडणारी रेघ लोकांनी आधी पाहिली नव्हती. एकेरी रुळावर पुढच्या स्टेशनानं वाट मोकळी असल्याचं कळवल्याशिवाय गाडी सुटत नसे. 'लाइन क्लिअर' हे शब्द स्टेशनातून बाहेर पडून लग्नाच्या बोलण्यांत कधी शिरले ते कळलंही नाही. मुलीकडून होकार आला की अजून म्हणतात, लाइन क्लिअर. ती एकेरी लाइन आता परभणी ते मुदखेड ८१ किलोमीटर दुहेरी झाली आहे.

तुझ्या गोतावळ्यातल्या एका शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. डेडलाइन. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या बंदिवानांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. ती ओलांडेल त्या कैद्याला पहारेकऱ्यानं गोळी घालायची, म्हणून ती मरणरेषा. आज पीकविम्याचा फॉर्म भरायला शेतकरी उन्हातान्हात सेवा केंद्रासमोर उभा असतो आणि त्याला सांगतात, डेडलाइन उद्या आहे. आमचा 'मुदत' हा शब्द किती माणसासारखा आहे. मुदत वाढवून मागता येते. मरणरेषा कशी वाढवून मागायची? हा एक शब्द तू परत घेऊन जा.

आणि एक काळजी. ती तुझ्याबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे, पण सांगतो तुलाच. आमच्याकडं तुझ्या एकेका कामाला वेगळा शब्द होता. निंदायला बाया लागल्या की प्रत्येकीनं आपली पात धरायची. पात म्हणजे नुसती पिकाची ओळ नव्हे, त्या बाईच्या वाट्याचं काम. एखादीची पात मागं पडली, पोट दुखत असलं, अंगावरचं लेकरू रडत असलं, की शेजारची आपली पात सांभाळून तिच्या पातीतलं चार हात निंदून द्यायची. पेरलेल्याचं तास, नांगराची काकरी, उसाची सरी. जेवणाऱ्यांची पंगत, आणि पंगत म्हणजे मुळात पंक्ती, ओळच. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते आणि ड्रायव्हर विचारतो, 'किती लाइनी बसल्या?' लग्नात बसलेली पंगत गेली, ताट हातात घेऊन उभी लाइन आली. माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या चाळीस मुलांना एकदा 'पात' विचारली. कांद्याची पात सगळ्यांनी सांगितली. निंदणाऱ्या बाईची एकीनंच सांगितली, तिची आई रोजानं जाते.

तू कुणाचं हिसकावून घेतलंस असं मी म्हणत नाही. रिकामी जागा दिसली की शब्द तिथं बसतो. पण पात गेली की शेजारणीच्या पातीत हात घालायची ती रीत सांगायला दुसरा शब्द मला सापडत नाही. तुझ्यात ते नाही. तुझ्यात एकामागं एक उभं राहणं आहे, पुढच्याच्या पाठीकडं बघत.

म्हणून मी या वर्षी दोन गोष्टी केल्या. मुलांना त्यांच्या आज्यांकडून ओळीचे शब्द गोळा करून आणायला सांगितले. एका मुलानं आजोबांकडून 'ओळंबा' आणला, तर एका मुलीनं 'माळका'. दुसरं म्हणजे हरभऱ्यात जवसाचे चार तास टाकले. पूर्वी आमच्याकडं घरापुरता तरी जवस सगळेच पेरायचे. सोयाबीन आणि त्यामागून हरभरा आला तसा तो धुऱ्यावरूनही गेला. जवसाची चटणी आता पुड्यातून विकत येते. आपला जवस आखूड, फांद्यांचा, दाण्यासाठीचा, त्याचा लांब दोरा निघत नाही हे मला माहीत आहे. जवसाच्या शास्त्रीय नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'अतिशय उपयोगी' असा आहे, त्यातला तेला-दाण्याचा उपयोग आम्ही घेतला, धाग्याचा तिकडच्यांनी. पण झाड तेच. सध्या त्याला फूल आहे. निळं, नाजूक, सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. परवा आईला दाखवायला आणलं. ती तासाच्या कडेला बसली, एक बोंड हातात घेऊन चोळून पाहिलं, अजून हिरवं होतं. म्हणाली, "माझी आई भाकरीबरोबर हेच द्यायची." तिला मी सांगितलं की लाइन हा शब्द या झाडातून निघालाय. तिनं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "कोणती लाइन?"

सगळ्याच, मी म्हणालो.

विहिरीवरचा बल्ब लागला. तू आलीस. पहाटेपर्यंत आहेस तोवर सगळा हरभरा भिजवून घ्यायचा आहे, जवसाच्या चार तासांसकट. मोटर लावायला निघतो.

तुझा,
सेलू तालुक्यातला एक मास्तर