'नाही' म्हणणारी सिमोन

इथे अमेरिकेत ऑलिंपिक आलं की एरवी फुटबॉलमध्ये बुडालेली माणसंही जिम्नॅस्टिक्सवर बोलू लागतात. २०२१ साली टोकियोत सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीचऐवजी दीडच गिरकी घेतली आणि सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. लगेच 'पळपुटी' म्हणणारे निघालेच! मला मात्र सोव्हिएत संघाची येलेना मुखिना आठवली. १९८० मध्ये मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, मोडलेला पाय पुरता बरा नसताना तिला सराव करायला लावला. त्यात तिची मान मोडली, शरीर कायमचं लुळं पडलं. सिमोन थांबली, म्हणूनच २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं जिंकू शकली. आपल्याकडे पोरांना "थोडी कळ सोस" म्हणताना हे आठवायला हवं, नाही का?